कर्ज फिटत नाही तेव्हा: तडजोड की नादारी? कर्जदारासाठी सविस्तर मार्गदर्शन

सेटलमेंट, राइट-ऑफ आणि दिवाळे हे तीन शब्द बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि थकलेल्या कर्जदाराच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात. राइट-ऑफ म्हणजे बँकेने बुडीत वाटणारे कर्ज आपल्या हिशेबवह्यांत बाजूला काढणे. त्यात कर्जदाराला माफी मिळत नाही, येणे कायम राहते आणि वसुलीही चालू राहते. सेटलमेंट म्हणजे तडजोड, अर्थात येणे रकमेपेक्षा कमी रक्कम घेऊन खाते बंद करण्याचा बँक आणि कर्जदार यांच्यातला करार. दिवाळे किंवा कायद्याच्या मराठीत नादारी ही मात्र न्यायालयाची प्रक्रिया आहे. तिच्यात कर्जदाराची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, ती सर्व धनकोंमध्ये, म्हणजे कर्ज देणाऱ्यांमध्ये, वाटली जाते आणि शेवटी न्यायालयाला योग्य वाटले तर उरलेल्या कर्जातून त्याची सुटका होते.

या लेखात पगारदार, छोटे व्यावसायिक आणि दुकानदार यांचा विचार केला आहे. शेतीकर्जाच्या योजना आणि त्यांचे नियम वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

पहिले काम: पूर्ण यादी

कोणताही मार्ग निवडण्यापूर्वी सर्व कर्जे एका कागदावर उतरवावीत. घरच्यांपासून लपवलेली, मित्राकडून हातउसनी घेतलेली आणि मोबाइल ॲपवरून उचललेलीही त्यात यायला हवीत. चार पतमाहिती कंपन्या, म्हणजे सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, प्रत्येकी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देतात. तो काढला म्हणजे विसरलेली कार्डे आणि दुसऱ्याच्या कर्जाला दिलेली जामीनकीही समोर येते.

यादीत रक्कम आणि व्याजदर सगळेच लिहितात, पण निर्णय ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. या कर्जाला तारण आहे का? जामीनदार कोण आहे? धनकोकडे आपले सही केलेले धनादेश किंवा खात्यावरचा ई-मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप वळता करून घेण्याची परवानगी, आहे का? आणि हप्ता किती दिवस थकला आहे? हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. त्यापूर्वी मुदत वाढवून हप्ता कमी करून घेणे किंवा कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून घेणे तुलनेने सोपे असते. त्यामुळे नोकरी गेल्यावर किंवा धंदा बसल्यावर बँकेला लेखी कळवण्याची योग्य वेळ पहिला हप्ता चुकण्याच्या आधीची असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कर्जदाराचा हातात येणारा पगार ५२,००० रुपये आणि घरखर्च २८,००० रुपये आहे. गृहकर्जाचा हप्ता १४,५००, वैयक्तिक कर्जाचा १३,२०० आणि पतसंस्थेचा ६,५०० रुपये असून पतसंस्थेच्या कर्जाला मेहुणा जामीन आहे. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून ३,६०,००० रुपये बाकी आहे आणि तिच्या पाच टक्के किमान भरणा म्हणजे १८,००० रुपये आहे. ही बेरीज ५२,२०० होते, म्हणजे पगारापेक्षा जास्त. आता कार्डाचा हिशेब पाहा. महिना साडेतीन टक्के दराने व्याज १२,६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,२६८, म्हणजे भरलेल्या १८,००० रुपयांतून मुद्दल जेमतेम ३,१३२ रुपयांनी कमी होते. हा किमान भरणा करण्यासाठी तो दर महिन्याला नव्या ॲपवरून कर्ज काढत असेल, तर त्याच्या यादीत पुढच्या महिन्यात आणखी एक ओळ वाढलेली असेल.

कोणाचे आधी भरावे

जो अधिक फोन करतो त्याचे पैसे आधी भरले जातात, ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. वसुलीचा तगादा सर्वाधिक बहुधा विनातारण कर्जाचा असतो, कारण त्या धनकोकडे जप्त करण्यासारखे काहीच नसते. माझ्या मते क्रम असा असावा: आधी राहते घर तारण असलेले कर्ज, मग ज्याला दुसऱ्याची जामीनकी आहे ते, आणि त्यानंतर विनातारण कर्जे. वरच्या उदाहरणात गृहकर्ज आणि पतसंस्था मिळून २१,००० रुपये होतात. घरखर्च वजा जाता उरणाऱ्या २४,००० रुपयांत ते बसतात. कार्डे आणि वैयक्तिक कर्ज त्यात बसत नाही, म्हणून त्यांच्याशी बोलणी करावी लागतील.

तारणाच्या बाबतीत वेळापत्रक माहीत असावे. बँकेला तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक कलम १३(२) ची नोटीस देते आणि त्यात ६० दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुढे ताबा घेतला गेल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. शेतजमिनीवरील तारणाला हा कायदा लागू होत नाही. सहकारी बँकांना मात्र तो लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मुरगूड येथील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ५ मे २०२० रोजी स्पष्ट केले. घर वाचणारच नाही असे दिसत असेल, तर लिलावाची वाट पाहू नये. बँकेची लेखी संमती घेऊन आपणच ग्राहक शोधून विक्री करावी. ताबा गेलेल्या घराला लिलावात मिळणारी किंमत आणि राहत्या घराला शांतपणे मिळणारी किंमत यांत मोठे अंतर असते, आणि ते आपल्याच खिशातून जाते.

पतसंस्था आणि सहकारी बँका यांचा मार्ग आणखी वेगळा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली त्या सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळवतात, आणि त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागत नाही. या दाखल्यावर कर्जदार आणि जामीनदार दोघांचीही मालमत्ता जप्त होऊ शकते. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षणाचा, म्हणजे फेरतपासणीचा, अर्ज करायचा असेल तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणून निबंधक कार्यालयातून सुनावणीची नोटीस आली की त्या तारखेला हजर राहून व्याजाचा आणि दंडव्याजाचा हिशेब तिथेच तपासून घ्यावा. नंतर ते फार खर्चिक होते.

खासगी सावकाराकडून पैसे घेतले असतील तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नाही, म्हणजे जुन्या काळापासून आपल्याकडे चालत आलेला दामदुपटीचा नियम त्याला बांधतो. बेकायदा सावकाराने कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

वसुलीच्या मर्यादा

भीतीपोटी घेतलेले निर्णय सहसा चुकतात, म्हणून कायदा कुठे थांबतो हे आधी समजून घ्यावे. कर्ज न फेडता येणे हा फौजदारी गुन्हा नाही. फसवणूक किंवा न वटलेला धनादेश ही वेगळी गोष्ट आहे. धनादेश परत आल्यास धनको ३० दिवसांत नोटीस देतो, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली खटला होऊ शकतो, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड आहे. ई-मँडेट परत जाण्यालाही २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात अशीच तरतूद आहे. असे समन्स कधीही दुर्लक्षित करू नये. हे प्रकरण तडजोडीने मिटू शकते, पण तारखेला गैरहजर राहिल्यास वॉरंट निघते.

रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. चारचौघांत अपमान करणे, नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसणे आणि धमकीचे संदेश पाठवणे यांनाही मनाई आहे. असे घडल्यास तारीख, वेळ, क्रमांक आणि संदेश जपून ठेवून आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि त्याला शुल्क नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

पैसे भरण्याचा न्यायालयाचा आदेश, म्हणजे हुकूमनामा, झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने काही गोष्टी जप्तीबाहेर ठेवल्या आहेत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, धर्मरीतीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याची रक्कम त्यांत येते. पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भागही सुरक्षित आहे. याच कारणासाठी कार्डाची बाकी भरण्यासाठी भविष्य निर्वाह निधी मोडू नये असे मी कळकळीने सांगेन. धनकोला जे न्यायालयातूनही मिळाले नसते ते आपण आपल्या हाताने देऊन बसतो. दिवाणी कैदेबाबतही सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे की, ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्यालाच ती लागू होते. केवळ गरिबीमुळे पैसे देता येत नाहीत म्हणून कोणाला तुरुंगात घालता येत नाही.

पतीच्या कर्जाला पत्नी केवळ पत्नी म्हणून जबाबदार नसते. ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच असते. कर्जदाराच्या मृत्यूनंतर वारसांची जबाबदारी त्यांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वसुली करणारा माणूस दारात उभा राहून वेगळे सांगत असेल, तर त्याच्याकडून ते लेखी मागावे.

तडजोडीची वाट

रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडीबाबतची चौकट जाहीर केली. तिच्यानुसार बँका, सहकारी बँका आणि वित्तकंपन्यांना संचालक मंडळाने मंजूर केलेले तडजोडीचे धोरण ठेवावे लागते. याचा अर्थ तडजोड हा आपला हक्क नाही, पण शाखेत बसलेल्या अधिकाऱ्याची मेहेरबानीही नाही. सहकारी क्षेत्रात हीच गोष्ट एकरकमी किंवा सामोपचार कर्ज परतफेड योजना या नावाने ओळखली जाते. अशी योजना चालू आहे का आणि तिची शेवटची तारीख कोणती, हे शाखेत विचारावे.

बोलणी सुरू करण्यापूर्वी कर्ज आज कोणाकडे आहे ते तपासावे, कारण थकलेली कर्जे बँका ती विकत घेऊन वसूल करणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात आणि जुन्या बँकेशी केलेली तडजोड मग निरुपयोगी ठरते. त्यानंतर खातेउतारा मागवून मुद्दल, व्याज आणि दंडात्मक शुल्क वेगळे करावे. दंडात्मक शुल्क मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावणे रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमांनुसार चालत नाही.

प्रस्ताव लेखी द्यावा. त्यात अडचणीचे कारण कागदांसह असावे: नोकरी गेल्याचे पत्र, रुग्णालयाची बिले, जीएसटी विवरणात दिसणारी धंद्याची घट. देऊ शकू तेवढीच रक्कम आणि तिची तारीख लिहावी, आणि पैसे कुठून येणार तेही सांगावे. पत्रावर ‘हक्कांना बाधा न येता’ (विदाउट प्रेज्युडिस) असे लिहावे, म्हणजे हा प्रस्ताव केवळ तडजोडीसाठी आहे हे स्पष्ट होते. कर्ज तीन वर्षांहून जुने असेल आणि दावा झालेला नसेल, तर आधी वकिलाला विचारावे. दावा लावण्याच्या मुदतीत दिलेली लेखी कबुली किंवा केलेला अंशतः भरणा ती मुदत नव्याने सुरू करतो, हे अनेकांना माहीत नसते.

जी रक्कम कबूल करू ती खरोखर हातात असली पाहिजे. चार हप्त्यांतली तडजोड तिसऱ्या हप्त्याला मोडली तर बहुतेक करारांत सवलत रद्द होते आणि भरलेले पैसे मूळ थकबाकीत वळते होतात. म्हणून पाच कर्जांशी एकाच वेळी तडजोड करण्यापेक्षा पैसे जमवून एकेक खाते पूर्ण बंद करावे.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती पत्राच्या टप्प्यावर. तडजोडीचे पत्र बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर, सही आणि खाते क्रमांकासह हातात येईपर्यंत एक रुपयाही भरू नये. त्यात ठरलेली रक्कम, तारखा, रक्कम भरल्यावर कोणतेही येणे उरणार नाही असा स्पष्ट उल्लेख, चालू खटले मागे घेण्याची हमी, तारण आणि धनादेश परत करण्याचे आश्वासन, आणि जामीनदारालाही मुक्त केल्याचे वाक्य असावे. शेवटचे वाक्य नसेल तर ते घालून घ्यावे. पैसे कर्जखात्यातच भरावेत, वसुली एजंटच्या किंवा कोणा व्यक्तीच्या खात्यात नव्हे. ‘हप्ते बंद करा, आम्ही कर्ज अर्ध्यावर आणतो’ असे सांगून आगाऊ शुल्क घेणाऱ्यांपासून दूर राहावे. ते जे करणार ते पत्र आपणही लिहू शकतो, आणि दरम्यान वाढणारे व्याज व येणारी समन्से आपल्याच नावावर असतात.

लोकअदालत हा याच वाटेवरचा चांगला टप्पा आहे. दावा दाखल होण्यापूर्वीची प्रकरणेही तिथे घेतली जातात, न्यायालयीन शुल्क लागत नाही, आणि तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा अंतिम असून त्याविरुद्ध अपील नाही. त्यामुळे न झेपणारा आकडा तिथे दबावाखाली कबूल करू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून पात्र व्यक्तींना वकीलही विनामूल्य मिळतो.

रक्कम भरल्यानंतर बेबाकी दाखला, म्हणजे काहीही येणे उरले नसल्याचे पत्र, घ्यावा. घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळायला हवीत, आणि उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांतला बोजा तलाठ्याकडे अर्ज देऊन कमी करून घ्यावा, आणि गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरात नोंद असेल तर तीही काढावी. दोन महिन्यांनी पतअहवाल पाहावा. त्यात खाते ‘सेटल्ड’ दिसेल, आणि ही नोंद साधारण सात वर्षे राहते. त्या काळात नवे कर्ज मिळणे अवघड असते. तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच संस्था किमान १२ महिने नवे कर्ज देत नाही. पुढे उरलेली रक्कम भरून नोंद ‘क्लोज्ड’ करून घेता येते. चुकीची नोंद ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

नादारीचा अर्ज

आंतरजालावर २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील ‘फ्रेश स्टार्ट’ योजनेविषयी बरेच लिहिलेले सापडते: वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० आणि कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यांना सुटका. ही तरतूद कागदावर आहे, पण अमलात आणलेली नाही. संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे. आपण संचालक म्हणून अशी हमी दिली असेल तर प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जाते आणि त्यासाठी त्या विषयातलाच वकील लागतो.

इतर सर्वांसाठी इंग्रजी अमदानीतले कायदे चालू आहेत: मुंबईत १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट. मुंबईत अर्ज उच्च न्यायालयात होतो, तर इतरत्र आपण राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात. कर्ज ५०० रुपयांहून कमी नसावे ही अट इतक्या वर्षांत बदललेली नाही, म्हणून रकमेचा अडथळा कोणालाच येत नाही. अडथळा येतो तो प्रामाणिक हिशेबाचा.

अर्जात सर्व धनकोंची नावे-पत्ते, प्रत्येकाची रक्कम, आपली सर्व मालमत्ता आणि कर्ज फेडता येत नसल्याची कारणे द्यावी लागतात. न्यायालय धनकोंना नोटीस काढते आणि आपली तपासणी होते. नादार ठरवण्याचा आदेश झाला की जप्तीयोग्य मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या प्रापकाकडे (रिसीव्हर) जाते. मुंबईत ते काम ऑफिशियल असाइनी पाहतो. त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय धनकोंना कर्जासाठी नवा दावा लावता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षणाचा आदेशही मागता येतो. तारण असलेला धनको मात्र याने थांबत नाही. गृहकर्ज देणारी बँक तारण विकू शकते, म्हणून घर वाचवण्यासाठी नादारीचा उपयोग नाही.

अर्जाच्या आधी घर पत्नीच्या किंवा मुलाच्या नावावर करून ठेवण्याचा सल्ला हमखास कोणीतरी देतो. तो ऐकू नये. नादारीपूर्वीच्या दोन वर्षांतली बक्षीसपत्रे न्यायालय रद्द करू शकते, आणि एखाद्याच धनकोला झुकते माप देऊन तीन महिन्यांत केलेला भरणाही उलटवला जाऊ शकतो. अशी लपवाछपवी उघड झाली की पुढची सुटका नाकारली जाते.

नादार असताना काही दारे बंद होतात. संसद, विधिमंडळ किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवता येत नाही, कंपनीचे संचालक राहता येत नाही, आणि भागीदारीतले स्थान संपते. आपण नादार असल्याचे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून अधिक उधारी घेणे हाही गुन्हा ठरतो.

नादार ठरवताना न्यायालय मुक्ततेच्या, म्हणजे उरलेल्या कर्जातून सुटकेच्या, अर्जासाठी मुदत घालून देते. ती तारीख चुकली तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो, आणि मालमत्ता गेलेली असूनही कर्जे पुन्हा अंगावर येतात. मुक्ततेच्या वेळी न्यायालय हिशेब ठेवला होता का, फेडता येणार नाही हे कळूनही उधारी घेतली का, जुगार किंवा उधळपट्टी झाली का, हे पाहते. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणी, फसवणुकीतून झालेले कर्ज आणि पोटगी यांतून सुटका होत नाही.

जामीनदारालाही या मुक्ततेने दिलासा मिळत नाही. वरच्या उदाहरणातला कर्जदार नादारीतून मोकळा झाला तरी पतसंस्थेचा वसुली दाखला मेहुण्याच्या पगारावर आणि घरावर चालूच राहतो. म्हणून माझा सल्ला असा, की विनातारण कर्जे डोईजड झाली असली, जप्त होण्यासारखे हाती काहीच उरले नसले आणि अनेक धनको एकाच वेळी न्यायालयात गेले असले, तरच नादारीचा विचार करावा. तसा विचार पक्का झाला तर वकिलाकडे जाण्यापूर्वी प्रत्येक जामीनदाराला घरी बोलावून पहिल्या दिवशी केलेली ती यादी त्याच्यापुढे ठेवावी, आणि त्याने सही केलेल्या कर्जाची तडजोड आधी करता येते का हे त्याच्याबरोबर बसूनच पाहावे.